बसाप्पाच्या नावाचं काय करायचं

बसाप्पा हुक्केरी भांड्यांवर नावं घालायचे. शिवाजी पेठेत भूपाल शेठचं भांड्यांचं दुकान होतं. त्याच्या पायरीवर एका कडेला पोत्याची घडी, घडीवर बसाप्पा, आणि मांडीवर कुणाचा तरी तांब्या नाहीतर डबा. तरुणपणी हातात छिन्नी आणि हातोडी होती, ठिपक्याला ठिपका जोडून अक्षर उठायचं. मग विजेचं मशीन आलं. टोक पेन्सिलीएवढं, पण चालू झालं की गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत टर्र ऐकू यायचं. लग्नसराईत मामा-मावश्या, तालमीची पोरं, पतपेढीचे लोक पायरीखाली दाटीनं उभे असत. कुणाला ‘सप्रेम भेट’ हवं, कुणाला ‘डोहाळजेवणाप्रीत्यर्थ’. बसाप्पा आधी खडूनं लिहून दाखवायचे, गिऱ्हाइकानं मान हलवली की मशीन लावायचे. बोलणं कमी. दिवसभरात जेवढे शब्द त्यांनी भांड्यांवर घातले, तेवढे तोंडातून काढले असतील असं वाटत नाही.

बोलण्याची बाजू त्यांच्या बायकोनं सांभाळली होती. शिवगंगा संकेश्वरकडची. सकाळी न्हाऊन, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे, आणि पूजा झाली की मग दिवसभर तिचं तोंड मिटत नसे. भाजीवाल्याशी बोलायची, नळावर बोलायची, रागावली की निम्मं कानडीत बोलायची, आणि स्वतःबद्दल तिकडच्या बायकांसारखं ‘आलो’, ‘गेलो’ म्हणायची. पण एखादी गोष्ट मनात पक्की झाली की मात्र बोलणं थांबायचं. झुंबरबाई शेजारीण म्हणायची, “गंगाक्का गप बसली की समजायचं, आता ब्रह्मदेव आला तरी हालायची न्हाय.”

ब्याण्णव सालच्या दिवाळीत शिवगंगानं एक पितळी कळशी घेतली. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घरोघर पोचवून साठवलेल्या पैशांतून घेतलेली, तिची स्वतःची. दुकानातून थेट पायरीवर नेऊन नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

“घाला. सौभाग्यवती शिवगंगा बसाप्पा हुक्केरी. सगळं घाला, खाऊ नका काय.”

बसाप्पांनी कळशी फिरवून पाहिली, गळ्याखाली बेताची जागा धरली आणि घातलं ‘शिवगंगा’. तेवढंच. कळशी तिच्याकडे सरकवली.

“आणि तुमचं नाव?”

“पाणी कोण भरतंय?”

तिनं संध्याकाळपर्यंत तोंड फुगवलं. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांना कळशी दाखवून म्हणाली, “बघा की, अर्धंच घातलं. वीज वाचवली मेल्यानं.” पण कळशी नाव पुढं येईल अशीच कमरेवर धरली होती. तेव्हापासून त्या घरात जे भांडं आलं त्याच्यावर ‘शिवगंगा’ हेच नाव पडलं. बसाप्पांचं नाव घरातल्या चमच्यावरसुद्धा नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतं असंही कधी दिसलं नाही.

पुढं मशीनच्या थरथरीनं बसाप्पांच्या बोटांची संवेदना कमी होत गेली. चहाचा कप हातात आहे की सुटला ते पाहून कळायचं. शिवगंगा दुपारचा डबा घेऊन यायची ती मग थांबायला लागली. आधी नुसतं भांडं धरायची, पुढं ते खडूनं लिहायचे आणि मशीन ती चालवायची. बाईमाणूस पायरीवर बसलेलं लोकांना नवीन होतं. भूपाल शेठ भला माणूस, म्हणाला, “वहिनी, आत बसा, पंख्याखाली.” ती म्हणाली, “आत उजेड न्हाय शेठजी. आणि लाजायचं असतं तर घरीच बसलो असतो की.” अशी चारेक वर्षं दोघांनी मिळून नावं घातली. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात बसाप्पा गेले. शिवगंगा दिवसकार्य उरकून पायरीवर आली, आणि त्या दिवसापासून खडूही तिचा आणि मशीनही तिचं.

पुढच्या वर्षी श्रावण लागायच्या आधी रुद्रेशनं भांडी आणली.

रुद्रेश तिचा एकुलता मुलगा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागला होता, हळूहळू सुपरवायझर झाला होता. त्याची बायको शांभवी, घर तेच जुनं, दोन खोल्या आणि पुढचा सोपा. एका रविवारी दारात टेम्पो थांबला आणि सोप्यात पाच भांडी उतरली. दोन हंडे, दोन पराती आणि एक पातेलं, असं की आत बसून आंघोळ करावी. मठाच्या दासोहासाठी. मठात श्रावणभर रोज संध्याकाळी प्रवचन असतं, आणि सोमवारी प्रवचन झालं की जो येईल त्याला पोटभर जेवण असतं, तोच दासोह. कुणी गूळ देतं, कुणी तांदूळ देतं, कुणी नुसते हात देतं. मठातले जुने हंडे झिजून ठिकठिकाणी झाळलेले होते, हे शिवगंगानंच मुलाला सांगितलं होतं.

ती भांड्यांभोवती फिरली. वाकून बोटानं वाजवून पाहिली. डोळे भरून आले. “लई चांगलं केलंस बाळा,” म्हणाली.

“अव्वा, आता तू एकच काम करायचं,” रुद्रेशनं खिशातून खडू काढला. हंड्याच्या पोटावर त्यानं स्वतः आडवं, भलं मोठं लिहिलं: ‘लिंगैक्य बसाप्पा हुक्केरी यांच्या स्मरणार्थ’. “एवढं. ह्या आकारात. पाची भांड्यांवर. पहिल्या सोमवारच्या आत.”

शिवगंगा हंड्याकडे बघत राहिली.

“ह्यांचं नाव?”

“मग कुणाचं?”

“त्यांना असलं नको हुतं रे.”

“कधी म्हणालेत? तुला म्हणालेत?”

बसाप्पा असं कधी म्हणाले नव्हते. ते काहीच म्हणाले नव्हते.

रुद्रेश खाली बसला. आवाज चढवला नाही त्यानं. “अव्वा, शाळेत मला नाववाल्याचा म्हणायची पोरं. ए नाववाल्याच्या. मला वाटायचं, नाव कुणाचं? सगळं दुसऱ्याचं. अख्ख्या पेठेची नावं घातली त्या माणसानं. त्याचं नाव कुठं हाय ते मला दाखव. एक ठिकाण दाखव.”

मुलाचं दुःख खरं होतं. पण शिवगंगाच्या डोळ्यांपुढं ती पायरी होती, पोत्याची घडी होती, आणि स्वतःला एवढंसं करून बसलेला तिचा नवरा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दुकानाची वाट अडू नये म्हणून तो गुडघे छातीशी घेऊन बसायचा. त्या माणसाचं नाव हंड्याच्या पोटावर वीतभर अक्षरांत? तिच्या जिवाला ते पटेना.

तिनं कापड ओलं केलं आणि खडू पुसून टाकला.

भांडी सोप्यात पडून राहिली. येताजाता शांभवीला अंग चोरून जावं लागायचं, एकदा पातेल्याला ठेच लागून तिचा अंगठा सुजला. दूधवाला दारातूनच विचारायचा, “काकू, हॉटेल काढताय व्हय?” रुद्रेश ड्यूटीवरून यायचा, जेवायचा, उठायचा. आईशी भांडला नाही, बोललाही नाही. हे न बोलणं अगदी बापासारखं होतं, आणि तेच शिवगंगाला जास्त लागायचं.

“अव्वा,” शांभवी एकदा हळूच म्हणाली, “छोटं घातलं तर? कुठंतरी बुडाला?”

“बुडाला घालायचं आणि मनात हंड्याएवढं ठेवायचं. त्यापेक्षा मोठंच घातलेलं काय वाईट?”

“मग न्हाईच घालायचं?”

“बघतो,” शिवगंगा म्हणाली. पण तिचं बोलणं आटत चाललं होतं, त्यावरून शांभवीनं काय ते ओळखलं.

त्याच आठवड्यात झुंबरबाई एक पातेलं घेऊन आली. “हे घे बाई तुझं. वैशाखात माझ्या भाचीच्या लग्नाला नेलतं, तिथनं कुणाच्या ढिगात गेलं देव जाणे. काल तू पायरीवर हुतीस तवा कळंब्यावरनं माणूस माझ्याकडं देऊन गेला. नाव वाचून विचारत विचारत आला बघ.”

शिवगंगानं पातेलं हातात घेतलं. ‘शिवगंगा’. बसाप्पांनी घातलेलं. गावभर फिरून घरी आलेलं भांडं. ती ते हातात घेऊन बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली, झुंबरबाई चहा मागून कंटाळली. तिला एकदम उलगडलं, की नवऱ्यानं आयुष्यभर जे काम केलं त्याची खरी बाजू ही. लोक नाव मोठं दिसावं म्हणून घालून घेतात ते घेतात. पण नावाचं काम एवढंच, की भांडं हरवलं तर त्याला घर सापडावं. मग मठाचं भांडं हरवलं तर त्यानं कुठं यायचं? हुक्केरींच्या सोप्यात?

दुसऱ्या दिवशी रुद्रेश ड्यूटीवर गेल्यावर तिनं मशीन पायरीवरून घरी आणलं. सोप्यात बसून हंडा आडवा केला, मांडीत धरवेना म्हणून शांभवीला दाबून धरायला लावला. पाचही भांड्यांवर काठाखाली, वाचता येईल एवढ्याच अक्षरांत घातलं: ‘मठ, दासोह घर’. दुपार कलली तेव्हा तिची बोटं मुंग्या आल्यासारखी झाली होती आणि शांभवीच्या कानांत टर्र भरून राहिली होती.

रुद्रेश संध्याकाळी आला. चप्पल काढता काढता थांबला. एकेका भांड्यापाशी जाऊन वाचलं.

“हे असं?”

“भांडं मठाचं, नाव मठाचं. उद्या कुणी लग्नाला नेलं तर परत मठातच आलं पाहिजे न्हवं?”

“ते कळलं,” तो म्हणाला. “पण मग ह्यात अप्पाचं काय ऱ्हायलं?”

तिनं पाट मांडला. “जेवून घे,” म्हणाली.

तो जेवला. आणि रविवारी त्यानंच भांडी टेम्पोत चढवून मठात पोचवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

इथं ही गोष्ट संपली असती तर शिवगंगा जिंकली असं म्हणता आलं असतं. पण मठात माईक होता.

दासोहाच्या पंगती बसल्या, पत्रावळ्यांवर मीठ-चटणी पडली, की मठाचे कल्लाप्पाण्णा माईक हातात घेत आणि त्या दिवशी कुणी काय दिलं ते वाचत. तांदूळ अमक्याकडून, तूप तमक्याकडून. पहिल्या सोमवारी शिवगंगा पंगत बसायच्या आधीच त्यांना गाठून उभी राहिली.

“अण्णा, आमच्या भांड्यांचं नाव मायकावर घ्यायचं न्हाय.”

“का वैनी?”

“नको.”

“अवो, दोडकी आणलेल्या बाईचं नाव घेतो मी. आणि एवढी भांडी आणलेल्याचं न्हाय? लोक म्हणतील कल्लाप्पानं खाल्लं नाव.”

“म्हणू देत. ह्यांना असलं आवडायचं न्हाय. तुम्ही मला शब्द द्या.”

त्या आठवड्यात प्रवचनाचा विषय मी-पणाचाच चालला होता. स्वामीजी रोज सांगत होते, माणूस भक्ती करतो आणि तिच्यावर आपली पाटी लावतो. शिवगंगा पुढच्या ओळीत बसून ऐकत होती आणि प्रत्येक वाक्य आपल्याच बाजूनं पडतंय असं तिला वाटत होतं. त्यामुळे ती कल्लाप्पाण्णांसमोरून हलेना. शेवटी त्यांनी हात जोडले. “बरं. बसाप्पाचं नाव घेत न्हाय. झालं?”

त्यांनी शब्द पाळला. नाव घेतलं नाही. पण कल्लाप्पाण्णांना माईक हातात आला की बोलायला चेव चढायचा. तांदूळ, तूप, गूळ भराभर आटोपून ते थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, “आणि शरणहो, आज एका माउलीनं आपल्या पतीच्या स्मरणार्थ पाच भांडी दिलीत. ज्या हंड्यातली हुग्गी तुम्ही खाताय तो हंडा. पण त्या माउलीनं मला हात जोडून सांगितलं, अण्णा, नाव घेऊ नका. आजच्या काळात, जिथं माणूस पंख्याच्या पात्यावर नाव लिहून घेतो, तिथं ही माउली म्हणते नाव नको. ह्याला म्हणायचं निरहंकार. ह्याला म्हणायचं शरणाचं, शिवभक्ताचं जिणं...”

ते बोलतच राहिले. पंगतीत माना वळायला लागल्या. कोण, कोण, अशी कुजबूज फिरली. हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, दुसरा वाढा येईपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. पतीच्या स्मरणार्थ, भांडी, आणि पुढच्या ओळीत मान खाली घालून बसलेली शिवगंगा. एवढं जुळवायला कितीसा वेळ लागतो? जेवणं झाल्यावर बायका हात धुऊन तिच्याकडे आल्या. एकीनं खाली वाकून पाय शिवले. “गंगाक्का, तुमच्यासारखं मन पाहिजे बाई.” दुसरी म्हणाली, “बसाप्पाण्णा देवमाणूसच. त्यांचा गुणच तुमच्यात आलाय.” कुणीतरी पोरीला पुढं ढकललं, “नमस्कार कर आजीला.”

शिवगंगा “नको गं, नको गं” म्हणत होती. आणि म्हणता म्हणता तिला जाणवलं, की तिला हे आवडतंय. छातीत काहीतरी ऊन ऊन, गोड चढत होतं. अजून दोघी याव्यात असं वाटत होतं. डोक्यावरचा पदर तिनं नेमका आत्ताच का नीट केला?

ती एकदम दचकली. समोर रुद्रेश आमटीची रिकामी बादली घेऊन चालला होता. तो सगळं ऐकत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी जाताना झुंबरबाई बरोबर होती. नेहमी दोघी सगळा रस्ता बोलत जायच्या. आज झुंबरबाई दोन पावलं पुढं.

“काय झालं गं तुला?”

“मला काय हुतंय.”

“सांग की.”

झुंबरबाई थांबली. “सांगू? रागावू नको मग. माझी दोडकी हुती आज. बुट्टीभर. भावाच्या मळ्यातनं आणली, डोक्यावरनं. कल्लाप्पानं माझं नाव असं गिळलं की मलाच ऐकू आलं न्हाय. आणि तुझ्या बिननावाला केवढं कीर्तन.”

“मी का त्याला बोल म्हणालो हुतो?”

“न्हाय म्हणालीस ग. पण ऐक. आम्ही सगळ्या देतो, तो नाव वाचतो, रीत हाय म्हणून वाचतो. आम्ही कधी त्याचा विचारबी केला न्हाय. आज तू एकटी म्हणालीस नाव नको, आणि आम्ही सगळ्या हावऱ्या ठरलो. पंख्याच्या पात्यावर नाव घालणाऱ्या. माझा भाऊ पंखाच देणार हुता पुढच्या वर्षी. आता त्यानं काय करायचं?”

“झुंबर...”

“तू मोठी झालीस बाई. लई मोठी. आता आमच्यात बसशील का न्हाय, कुणाला म्हायती.” आणि ती आपल्या बोळात वळली.

शिवगंगा घरी आली. सोपा भांड्यांशिवाय मोकळा मोकळा दिसत होता. तिनं हातपाय धुतले, विभूती लावली, लिंग तळहातावर घेऊन बसली. पण मन लागेना. झुंबरचं बोलणं काट्यासारखं रुतलं होतं, कारण ते खोटं नव्हतं.

तिला एक जुनी गोष्ट आठवली. हंबीरराव म्हणून एक बडं प्रस्थ होतं पेठेत. देवळाला घागर द्यायची होती, आणि तिच्यावर नावाबरोबर सगळी पदं हवी होती. तालमीचे उपाध्यक्ष, सोसायटीचे माजी चेअरमन, आणखी कसले तरी सल्लागार. नाव घागरीला वळसा घालून पुन्हा सुरुवातीपाशी आलं. हंबीरराव घागर घेऊन गेल्यावर भूपाल शेठ आणि दुकानातले लोक पोट धरून हसले. शिवगंगाही हसली होती. बसाप्पा तेवढे हसले नव्हते. त्यांनी मशीनचं टोक पुसलं आणि म्हणाले होते, “आवडीनं देतोय माणूस. देऊ दे की.”

इतकी वर्षं लोकांची नावं घातली, पण नाव घालून घेणाऱ्याला त्या माणसानं कधी कमी लेखलं नाही. आणि तिनं एका संध्याकाळी त्यांच्या नावानं सगळ्या पंगतीला कमी लेखून ठेवलं. त्यांना लोकांपेक्षा वेगळं काढलं, वर बसवलं, नाव न घेता. रुद्रेशच्या वीतभर अक्षरांनी झालं असतं त्यापेक्षा हे मोठं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून ती तडक मठात गेली. कल्लाप्पाण्णा दासोह घरात पत्रावळ्यांचे गठ्ठे लावत होते. तिला बघून खूश झाले.

“या वैनी. काल लोकांनी लई नाव काढलं.”

“तेच मिटवायला आलोय. येत्या सोमवारी ह्यांचं नाव घ्या.”

“आता? घेऊ नका म्हणालात, मी घेतलं न्हाय. आता भांडी देऊन झाली.”

“गेल्या वेळी ऱ्हायलं म्हणून घ्या.”

“बरं, बरं. घेतो की.” त्यांचे डोळे चमकले. “सुरुवातीलाच घेतो. चार शब्द बोलतो बसाप्पावर. गरीब माणूस, कष्टाळू...”

“चार शब्द नको. एकबी नको. माउली म्हणायचं न्हाय, निरहंकार म्हणायचं न्हाय, गरीब तर अजिबात म्हणायचं न्हाय. बसाप्पा हुक्केरी, शिवाजी पेठ, भांडी. झालं.”

“असं कोरडं?”

“दोडक्याचं कसं घेता? तसं.”

“वैनी, भांडी मोठी वस्तू. पहिली घ्यावी लागतात.”

“मधी घ्यायची. भाजीच्या नंतर, गुळाच्या आधी.”

“आणि गुळवाला म्हणाला माझ्या आधी का, तर?”

“तर गुळाच्या नंतर घ्या. पण मधी.” ती पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यावर बसलीच. “म्हणून दाखवा बघू एकदा. माझ्यासमोर.”

कल्लाप्पाण्णांनी इकडं तिकडं पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली, आणि माईकशिवाय म्हणून दाखवलं. ‘पेठ’च्या पुढं त्यांना एक ‘सुप्रसिद्ध’ सुटत नव्हता. तो तिनं काढायला लावला. दुसऱ्यांदा बरोबर म्हणाले तेव्हा ती उठली.

संध्याकाळी रुद्रेश जेवायला बसला. तिनं भाकरी वाढली.

“येत्या सोमवारी मठात अप्पाचं नाव घेणार हायत.”

“तू तर नको म्हणत हुतीस.”

“म्हणत हुतो. तेवढं चुकलं माझं.”

“मग भांड्यावर?”

“भांड्यावर मठाचंच ऱ्हाणार. त्यात काय चुकलं न्हाय.”

रुद्रेश आमटीत भाकरी कुस्करत राहिला. ती वाट बघत होती, तो चिडेल, नाहीतर नेहमीसारखा गप्प उठेल. तो म्हणाला, “कसं घेणार नाव? काय काय म्हणणार?”

“नाव, पेठ, भांडी.”

“एवढंच?”

“सगळ्यांचं एवढंच घेतात.”

“मला वाटलं हुतं,” तो म्हणाला, “एकदा तरी लोकांनी मान वर करून ऐकावं.”

“गेल्या सोमवारी केली की मान वर. तुला बरं वाटलं?”

त्यानं मान हलवली. नाही. आणि चटणी मागितली.

सोमवारी पाऊस धरून होता, तरी पंगती भरल्या. शिवगंगा या वेळी पुढच्या ओळीत बसली नाही. आत चुलीपाशी झुंबरबाई भाकऱ्या मोजून बुट्टीत रचत होती, तिथं जाऊन बसली. झुंबरबाईनं वर पाहिलं नाही, पण सरकून जागा दिली. थोड्या वेळानं म्हणाली, “पदर चुलीत जाईल, आवर.” म्हणजे तिचा राग अर्ध्यावर आला होता.

बाहेर माईक खरखरला. कल्लाप्पाण्णांचा आवाज आला, भराभर, घाईतला. “तांदूळ, मगदूम बंधू. तूप, शेटेकाकू. दोडकी, झुंबरबाई, शिवाजी पेठ. भांडी, बसाप्पा हुक्केरी, शिवाजी पेठ. गूळ...” 

शिवगंगा दाराशी येऊन उभी राहिली होती. पंगतीतलं एक डोकं वर झालं नाही. कुणी मीठ मागत होतं, कुणी लेकराला मांडीवर घेत होतं. रुद्रेश तिसऱ्या ओळीच्या मध्यावर आमटीची बादली घेऊन वाकलेला होता. नाव ऐकलं तेव्हा त्याचा डाव पत्रावळीच्या वर तसाच राहिला. झुंबरबाई आणि गूळ यांच्या मधे त्याच्या बापाचं नाव येऊन गेलं, सगळ्यांच्या नावांसारखं.

“पावणं, वाढताय न्हवं?” पत्रावळीवरचा म्हातारा म्हणाला.

“वाढतो की,” रुद्रेश म्हणाला आणि त्यानं आमटी वाढली. पुढच्या पत्रावळीवर सरकला, तिथं वाढली. ओळीच्या टोकाला आल्यावर त्यानं वळून चुलीकडच्या दाराकडे पाहिलं.

“अव्वा, भाकरी संपल्यात इकडं,” त्यानं हाक मारली.

आत झुंबरबाईनं बुट्टीचा एक कान धरला होताच. शिवगंगानं दुसरा धरला, आणि दोघी भाकऱ्या घेऊन पंगतीत शिरल्या.